नगारा वाजून गेल्यावर

वातुवारू, गुरुवार पोन
शेंगा उपटायचे दिवस

पाइनाह,

आज पोन. आपल्या घरात पोनच्या बाजारदिवशी काही सुरू करत नाहीत. पेरणी नाही, कौल चढवणं नाही, नवा कपडा अंगाला लावणं नाही. तुझे आजोबा पोनलाच समुद्राच्या कड्यावर पाखरांची घरटी काढायला गेले आणि परत आले नाहीत, तेव्हापासून हा दिवस आपल्या घराला वर्ज्य. तरी मी आजच पत्र सुरू करतेय. चोवीस वर्षांतलं पहिलंच. अक्षराला हसू नकोस. मी चौथीपर्यंत शिकले आणि त्यातलं निम्मं वर्ष बकऱ्यांमागे गेलं.

तुझा पत्ता लारासनं शोधून दिला. लारास म्हणजे मर्तोची धाकटी. आता ग्रामकचेरीत कारकून आहे, तीन पोरांची आई झाली, पण तोंड तस्संच आहे, तिखटजाळ. कचेरीला गावाची माहिती-वही करायचीय. उत्तरेला काय, दक्षिणेला काय, तळी किती, बकऱ्या किती, माणसं किती. जुनं सांगणारं कुणी उरलं नाही म्हणून ती माझ्या ओट्यावर येऊन बसते, मला आता म्बाह, आजी, म्हणते. तुझी बुदे, बापाची थोरली बहीण सामिरा, आहे शेजारी, माझ्याहून सात वर्षांनी मोठी, पण ती कागद घेऊन आलेल्या माणसाला केरसुणी दाखवते.

"दक्षिणेला काय लिहू, म्बाह?" लारासनं विचारलं.

"टेकड्या लिही."

"किती?"

"अगं, सांडलेल्या शेंगा मोजता येतील, ह्या टेकड्या नाही. दोन मोजल्या की धुक्यातून तिसरी डोकं काढते."

तिनं 'असंख्य' लिहिलं. उत्तरेला सागवान. पूर्वेला तळं. पश्चिमेला बाजार, तो पाच दिवसांनी फिरून येतो. लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवॉन हे पाच दिवस तिनं ओळीनं लिहून घेतले आणि म्हणाली, ह्यांच्यावरच गावात माणसांची नावं पडतात हेही लिहिते. लिही म्हटलं. टेकड्यांपलीकडे समुद्र. तो इथून दिसत नाही, पण वारा पडला की ऐकू येतो, कुणीतरी लांबवर चटई झटकतंय असं वाटतं. ते लिहायला वहीत रकाना नाही म्हणाली.

मग म्हणाली, "माणसं तीनशे एक्केचाळीस." आणि हा आकडा पेन्सिलनं लिहिला. बाकी सगळं पेनानं.

"हाच का पेन्सिलनं?"

"तुमच्या पाइनाहमुळे, म्बाह. तुमच्या घराच्या कार्डावर नाव आहे, पण माणूस कुठाय? चोवीस वर्षं सुमात्रात. एकदा येऊन सही करून जाऊ दे, नाही तर मला खोडावं लागेल. वही रासुलानच्या सणाला पुढे जाणार. तोवर सांगा."

म्हणून लिहितेय. दुसरं काही नाही. बाप गेला तेव्हाही तू आली नाहीस, मी एका शब्दानं कुणाजवळ बोलले नाही. तू वागिनोपायी घर सोडलंस ते बरोबर की चूक, ते तुझं तुला माहीत. तू पाहिंगची, तो वागेचा. पाहिंग आणि वागे एका चुलीवर आले की घरात कुणीतरी जातं, हा नियम काही मी केला नाही. तुझ्या बापानं नाही म्हटलं, आजीनं नाही म्हटलं. मी, तुझी आई, तर बोललेच नव्हते.

एकदा ये. सही करायला ये.

तुझी म्बोक,
तुकियेम


वातुवारू, रविवार पोन

पाइनाह,

तुझं उत्तर नाही. इतक्यात येणार कसं, पत्र बोटीतून जातं. पण मी ओट्यावर बसले की टपालवाल्याची फटफटी प्रत्येक वळणावर ऐकू येते. बहुतेक वेळा ती गवत घेऊन जाणाऱ्या कुणाची तरी असते.

परवा पहाटे स्वप्न पडलं. तळं आटत आटत पार तळाशी गेलं होतं आणि मधोमध ओल्या चिखलात बसून तू कापड धूत होतीस. पाणी नव्हतं तरी कापडातून पाणी गळत होतं. मी काठावरून हाक मारली, "पाइनाह!" तू वळून बघितलंच नाहीस. मला वाटलं ऐकू आलं नसेल. मग स्वप्नातच कळलं, मी तुला चुकीच्या नावानं हाक मारतेय, म्हणून वळत नाहीस. जागी झाले तर अंगण धुक्यानं भरलेलं, कोंबड्यांचे नुसते पाय दिसत होते.

लारास आज रीतीभाती लिहायला आली. मी तळलेले नाकतोडे आणि कसावाचं तिवुल पुढे केलं. खाता खाता ती म्हणाली, "बुआंग सुताराचं नाव बुआंग का हो? टाकलेला! कुणी पोराचं नाव असं ठेवतं?"

"टाकलाच होता त्याला," मी म्हटलं. "घरातलं थोरलं माणूस ज्या बाजारदिवशी गेलं, त्याच दिवशी त्या घरात पोर जन्मलं तर ते पोर टिकत नाही, नाही तर घर टिकत नाही. मग आईनं त्याला सुपात घालायचं, अंगणाच्या कडेला उकिरड्यावर ठेवायचं आणि निघून यायचं. दुसरी बाई केरसुणी घेऊन केर काढत काढत येते. 'अगंबाई, केरात पोर सापडलं' म्हणते आणि उचलते. मग ते तिचं. बाधा उतरली."

"पण सांभाळायला परत आईकडेच देतात ना?"

"देतात बऱ्याचदा. पण उचलणारीच्या घरात पाळणा हलला नसेल तर तिथेच राहतं."

"आणि आईनं परत मागितलं तर?"

"मागायचं नसतं. मागे वळून बघायचंसुद्धा नसतं. वळलं की बाधा पुन्हा पोराच्या पाठी लागते."

लारास लिहायची थांबली. तीन पोरांची आई आहे ना. "मी नसतं बाई टाकलं," म्हणाली. "खोटं बोलले असते सरळ."

माझ्या हातातला नाकतोडा खाली पडला. कोंबडीनं उचलला.

पाणी आणायला आता तळ्यावर जावं लागत नाही. टँकर येतो. तो वागिनो चालवतो. हे तुला सांगू की नको, असं दोन दिवस चाललं होतं, आता सांगून टाकलं. केस पांढरे झालेत, बायको सार्ती चांगली आहे, दोन मुली आहेत. माझ्या टाकीशी आला की नळी नीट धरतो, थेंब सांडू देत नाही. पोरांनी पेलाभर सांडलं तर त्यांच्या सात पिढ्या उद्धरतो. मला "बू, भरली" एवढंच म्हणतो. तुझं नाव त्यानं कधी काढलं नाही. मीही नाही.

लिहायचं होतं ते हे नव्हतं. हात थांबतोय. तू आलीस की तोंडानं सांगेन.

म्बोक


वातुवारू, मंगळवार लेगी
सकाळची थंडी

पोरी,

आलं तुझं पत्र. तीन ओळी. लारासनं वाचून दाखवू का म्हटलं, मी म्हटलं मला येतं वाचता.

'माझं नाव खोडा. मी पाहिंगची, तुमच्या गावात माझं काय काम. पुन्हा लिहू नका.'

'तुमच्या' लिहिलंयस. आईला तुम्ही म्हणायला कुठे शिकलीस गं? मी दिवसभर ती चिठ्ठी कमरेला खोचून शेंगा फोडत होते. सालपटं एकीकडे, दाणे एकीकडे, संध्याकाळी बघते तर दाणेच उकिरड्यावर टाकून आले होते.

पुन्हा लिहू नका म्हणतेस, पण मी लिहिणार. आता तोंडानं सांगायचा वायदा खोटा आहे, तू येणार नाहीस हे दिसतंय. तेव्हा ऐक. आणि हे वाचून फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

तू पाहिंगची नाहीस.

तू झालीस तो मंगळवार होता, पाहिंग. तुझा बाप सागवानात लाकूडतोडीला गेलेला. सासूबाई पाहिंगचा बाजार करून आल्या आणि घागर घेऊन तळ्यावर गेल्या. घरात मी आणि सुईण, म्बाह सोमो. कळा सकाळपासून होत्या. ऊन ओट्यावरून उतरलं, अंगणातून गेलं, कुंपणाच्या टोकाला राहिलं, आणि तू काही येईनास. मी त्या उन्हाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, बाई गं, ये, ये, आत्ता ये. कारण आपला दिवस बुडत्या सूर्याला बदलतो हे काय मला सांगायला हवं होतं? नगारा वाजला की पोन. आणि पोनला जन्मलेलं पोर त्या घरात माझं राहणार नव्हतं.

सामिराच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि तिच्या घरात पाळणा हलला नव्हता. शेजारचंच घर, पण तिच्या सासरचं. त्या घराला पोनची बाधा नाही. सासूबाई आठवा महिना लागल्यापासून म्हणत होत्या, "पोनला झालं तर सामिरा उचलेल. देवाचीच योजना असेल." वाईट हेतूनं नाही म्हणायच्या, लेकीच्या मायेनं म्हणायच्या. मी मात्र सूप दिसलं की ते पालथं घालायचे.

मशिदीतला नगारा वाजला. पहिला ठोका, दुसरा, सगळे. म्बाह सोमोनं दिवा लावला. मग बांग झाली, संपली. आणि मग तू आलीस. नाळ दिव्याच्या उजेडात कापली.

मी म्बाह सोमोचा हात धरला. म्हटलं, "दिवा विझव."

"वेडी का तू? अजून किती काम आहे, ते काय अंधारात करू?"

"विझव. ती ऊन असतानाच झाली. ऐकतेस ना? ऊन असतानाच."

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. तुझ्याकडे बघितलं. तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि फुंकर मारली.

सासूबाई घागर घेऊन आल्या तेव्हा आपण तिघी अंधारात. "केव्हा झाली?" त्यांनी विचारलं. "ऊन होतं तेव्हाच," मी म्हटलं. त्या दारातच थांबल्या. "मग विझलेल्या वातीचा वास कसा येतोय?" म्बाह सोमो म्हणाली, "मीच लावत होते आत्ता. तेल संपलंय घरात. सुनेच्या बाळंतपणाला तेलसुद्धा भरून ठेवत नाही तुम्ही." सासूबाई लाजल्या बिचाऱ्या आणि सामिराकडून तेल आणायला पळाल्या. सामिरानंच तेल दिलं त्या रात्रीला. बाटली भरून.

तुझं नाव पाहिंगवरून पाइनाह ठेवलं. म्हणजे बघ, एकवीस वर्षं तुला जेवायला हाक मारली, शाळेतून हाक मारली, तळ्यावरून हाक मारली, आणि दर हाकेला मी खोटं बोलले.

तू विचारशील, मग वागिनोच्या वेळी का नाही बोललीस? पोन आणि वागेचं काही वैर नाही. एक शब्द बोलले असते तर तुझा मांडव उभा राहिला असता. बोलणार होते. सासूबाई कोपऱ्यात बसलेल्या, तुझा बाप बोटांवर दिवस मोजत होता, तू दाराआड उभी होतीस आणि तुझी सावली ओट्यावर पडली होती, मला दिसत होती. मी तोंड उघडलं. आणि मला ते दोघे आठवले. तुझ्या पाठचे. एक सात दिवसांचा होऊन गेला, एकानं डोळेच उघडले नाहीत. मी जर म्हटलं असतं की पाइनाह पोनची आहे, तर सगळे म्हणाले असते, पोनचं पोर दडवून घरात ठेवलंस म्हणून पोटचे दोन मुलगे खाल्लेस.

आणि पोरी, खरं सांगू? दुसऱ्यांचं सोड. मलाच तसं वाटत होतं. अजूनही वाटतं. म्हणून मी तोंडाला कुलूप घातलं, आणि तू त्याच आठवड्यात बोटीवर चढलीस.

तुला जवळ ठेवायला खोटं बोलले आणि त्याच खोट्यानं तू गेलीस. हे मी चोवीस वर्षं रोज गिळतेय.

म्बोक


वातुवारू, गुरुवार क्लिवॉन

पोरी,

आता एकदा सांगितलं म्हटल्यावर पोटात राहीना. काल मी सामिराकडे गेले.

ती अंगणात कसावाचे काप वाळत घालत होती. मी तिच्याशेजारी बसले आणि काप लावता लावता सगळं सांगितलं, नगाऱ्यापासून तेलाच्या बाटलीपर्यंत. काप संपले तरी तिचे हात तसेच पुढे, नसलेले काप लावत होते.

मग म्हणाली, "माझी होती ती."

मी रिकामी टोपली उचलून बाजूला ठेवली.

"माझी होती, तुकी. एकवीस वर्षं मी तिला शेजारीण म्हणून केळी दिली. कुंपणावरून. तिचा ताप उतरेपर्यंत तुझ्या दाराबाहेर बसायचे, आत यायला मला कारण लागायचं. कारण! आणि माझं तेल जाळलंस तू त्या रात्री."

"चूक झाली, आक्का."

"चूक? मीठ जास्त पडलं तर त्याला चूक म्हणतात. ऊठ. ऊठ माझ्या अंगणातून."

आमच्या कुंपणात येण्याजाण्याची फट आहे ना, तू लहानपणी पाडलेली? संध्याकाळी तिनं ती बांबूची काटकी आडवी बांधून बंद केली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, गाठ अशी मारली की कोंबडीसुद्धा जाऊ नये.

आज सकाळी वागिनो आला. म्हटलं, एक घर झालं, दुसरंही करून टाकू. तो नळी टाकीत धरून उभा होता, मी सांगत होते. टाकी भरली. पाणी काठावरून वाहायला लागलं, अंगणातून ओहोळ निघाला, बदकं धावली. तो नळी धरून तसाच. ह्या कोरड्या महिन्यात, तो माणूस! मीच जाऊन तोटी बंद केली.

मग तो म्हणाला, "माझं नाव तरी खरं आहे ना, बू? का मीही लेगीचा निघणार?"

मी हसले. मग रडले. तोही हसत होता, पण डोळे पुसायला त्यानं टोपी काढली. म्हणाला, "तिला कळवा, माझं बरं चाललंय. सार्ती चांगली आहे. मुली शिकतायत. आणि मी तिच्यावर कधी रागावलो नव्हतो. तिला वाटत असेल, मी मुकाट्यानं घरच्यांचं ऐकलं. तर ती गेली त्या दिवशी मी तिच्यासाठी तळ्यावर संध्याकाळपर्यंत थांबलो होतो. ती बोटीवर चढली हे मला दुसऱ्या दिवशी कळलं."

त्याचा निरोप जसाच्या तसा दिलाय. आता माझ्यावर रागवायला तुम्ही तिघं झालात.

लारास येऊन गेली. पेन्सिलीचा आकडा अजून तसाच आहे. "म्बाह, मला खोडवत नाही," म्हणाली, "पण वही पुढे जायला दोनच आठवडे आहेत." मी म्हटलं, खोडायचं तर खोड. तिनं रबर काढलं, आकड्याभोवतीचा नाकतोड्याच्या तेलाचा डाग पुसला आणि गेली.

संध्याकाळी फार शांत होतं. टेकड्या निळ्या झाल्या, मग राखाडी, मग गेल्याच. समुद्र ऐकू येत होता. मी ओट्यावर बसले होते आणि मला वाटलं, सामिराही तिच्या ओट्यावर बसलीय, तोच ऐकतेय. मधे ती काटकी.

म्बोक


वातुवारू, मंगळवार पाहिंग
नगारा वाजायच्या आधी

पोरी,

घाईनं लिहितेय. ऊन अंगणातून उतरतंय आणि मला त्याच्या आत संपवायचंय.

सामिरा रविवारी आली. कुंपणातून नाही, पुढच्या रस्त्यानं, पाहुण्यासारखी, डोक्यावरून ओढणी घेऊन. अकरा दिवस बोलली नव्हती. ओट्यावर बसली, पाणी दिलं तर प्यायली नाही. म्हणाली, "तुकी, पोरगी का येत नाही कळलं का तुला?"

"माझ्यावर राग आहे."

"राग आहेच. राग माझाही आहे, म्हणून मी काय गाव सोडलं? ती पोनची. तिला टाकलंच नाही कुणी. टाकलं नाही म्हणजे सापडली नाही. मग ती येणार कुणाच्या घरी?"

"आक्का, ती पंचेचाळीस वर्षांची आहे."

"मग? बाधेला वय कळतं होय?"

"आणि ती इथे नाही."

"तुझं पत्र जातं ना तिच्याकडे? तेच सुपात घाल."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा करत नव्हती. ती पुढे म्हणाली, "नीट विचार कर मात्र. रीत म्हणजे रीत. टाकलंस की माझी. ती आली तर माझ्या दारात येईल, माझ्या घरात जेवेल, मला म्बोक म्हणेल. तू शेजारीण. तू कुंपणावरून केळी द्यायची."

असं म्हणून ती गेली. मला दोन दिवस दिले तिनं, आजच्यापर्यंत. आज तुझा दिवस आहे ना, पस्तीस दिवसांनी फिरून येणारा. तू गेल्यापासून दर वेळी मी तुझ्या नावाचं ताट करते, लाल-पांढरी खीर, अंडं, नारळ घातलेली भाजी. सगळ्यांच्या देखत पाहिंगला करायचे. आणि मग दिवेलागणीनंतर, नगारा झाला की, त्यातलाच एक घास मागच्या दारी पुन्हा वाढायचे. तो खरा.

दोन दिवस मी विचार केला म्हणू? विचार नाही केला. चालत राहिले. तळ्याला तीन फेऱ्या घातल्या. सागाची पानं गळतायत, पायाखाली इतकी वाजतात की कुणीतरी मागून येतंय असं वाटतं. प्रत्येक वेळी मागे वळून बघितलं. म्हटलं, बघून घे तुकियेम, मंगळवारनंतर वळायचं नाही.

ज्याला भिऊन मी तो दिवा विझवला, तेच आज मी आपल्या हातानं करणार आहे. मला ते पटलंय असं समजू नकोस. पण तू माझ्या दारात येणार नाहीस हे मला कळलंय. सामिराच्या दारात कदाचित येशील. तिनं तुझं काही वाईट केलं नाही. तिच्या हाताच्या तिवुलाला अजून तोच धुराचा वास आहे, आणि तिच्या ओट्यावरून माझं अंगण दिसतं. मला तेवढं पुरेल.

सूप धुऊन ठेवलंय. तुला पाठीशी बांधायचे ते तपकिरी बाटिकचं कापड पेटीतून काढलं, त्यात हे पत्र बांधेन. नगारा संपला, बांग संपली, दिवा लावला की उकिरड्यावर ठेवेन. दिवा आज विझवणार नाही. आणि निघून येईन. वळणार नाही. शपथ.

ऊन कुंपणाच्या टोकाला गेलं. कुंपण बघितलं आत्ता, ती काटकी नाहीये. केव्हा सोडली तिनं कोण जाणे.

हे पत्र तुझ्या हातात असलं तर समज, तिनं उचललं.

बरं आहे, पोरी. थंडी आहे का गं तिकडे? असू दे. हे विचारायचं आता सामिरानं.

तुझ्या आईच्या शेजारची,
तुकियेम


(खालचं लारासच्या हातचं आहे. बुदे सामिरा सांगतायत, मी लिहितेय.)

बुधवार पोन, सकाळ

तुकीला लिहिता येतं म्हणून ती पानंच्या पानं लिहिते. मला येत नाही. थोडक्यात सांगते.

काल नगारा वाजून गेल्यावर मी केर काढत होते. उकिरड्यावर सूप होतं. त्यात पोरगी सापडली. मी उचलली. आता ती माझी. नाव तुझं तूच ठरव, मला कुठलंही चालेल.

लारासनं वहीत माझ्या घरात तुला घातलं. तीनशे एक्केचाळीस. पेनानं. खोडता येणार नाही म्हणतेय.

तुकी वळली नाही. मी बघत होते. दारापर्यंत गेली, दार लावून घेतलं, आणि मग रडत बसली. भिंत बांबूची आहे, मला सगळं ऐकू आलं. रडू दे, मीही नऊ वर्षं रडले होते.

चूल पेटलेली असते. ये. आलीस की आधी माझ्याकडे जेव. मग ते शेजारचं दार वाजवायचं की नाही, ते तुझं तू बघ. मी आई आहे, मी मनाई करणार नाही.

सामिरा